फाशाच्या बाजू कोणाला दिसतात?

मंडळी, जुगाराच्या इतिहासातलं हे अगदी अलीकडचं पान. दक्षिण कोरियात १९९८ साली ‘लिनिएज’ हा ऑनलाइन खेळ आला. त्यातलं चलन ‘अडेना’. राक्षस मारून ते महिनोन्‌महिने साठवायचं आणि तलवारीची ताकद वाढवायला लावायचं. बहुतेक तलवारींना सहाव्या पायरीपर्यंत धोका नव्हता. पुढे मात्र डाव फसला की तलवारच नाहीशी!

तरी इथे पणाला लागायचं ते खेळातलं धन. २०१० साली ‘मेपलस्टोरी’त ‘क्यूब’ आला. तो वापरला की वस्तूचे गुण नव्याने ठरत, आणि तो विकत घ्यायचा खऱ्या पैशांनी.

आता बघा, सोंगट्यांच्या खेळात फासा सगळ्यांसमोर असतो. इथे तो कंपनीच्या हातात. लोकांना हवी असलेली काही दानं २०११ पासून पडणंच बंद केलं होतं, आणि खेळाडू ‘अजून एकदा’ म्हणत पैसे घालत राहिले. जानेवारी २०२४ मध्ये कोरियाच्या व्यापार आयोगाने नेक्सॉन कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वॉन दंड केला. मार्चपासून अशा दानांची शक्यता जाहीर करणं कायद्याने सक्तीचं झालं.

जुगार त्याने थांबला असं नाही. पण फाशावर काय आहे, हे विचारायचा हक्क खेळणाऱ्याला मिळाला.