वानराचे पोट, माकडाचे गाल

चंद्रपूरहून मूलकडे जाताना जंगल लागले की रस्त्याकडेला वानरांचा कळप दिसतो. गाडी थांबते, खिडकीतून बिस्किटे पडतात. पाहुणे त्यांना सरसकट माकडे म्हणतात. आमच्याकडे मात्र काळ्या तोंडाचे ते वानर आणि लाल तोंडाचे ते माकड. हा भेद नुसत्या रंगाचा नाही, हे मला फार उशिरा कळले.

१७९७ साली डुफ्रेन या फ्रेंच अभ्यासकाने बंगालच्या वानराला ‘एन्टेलस’ हे नाव दिले. व्हर्जिलच्या महाकाव्यातला हा म्हातारा मुष्टियोद्धा. १८११ मध्ये जर्मनीच्या इलिगरने आफ्रिकेतल्या काही माकडांना ‘कोलोबस’ म्हटले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘तुटका’, कारण त्यांच्या हाताला अंगठ्याच्या जागी जेमतेम खुंट असतो. आफ्रिकेच्या वर्षावनातला हा थोटा प्राणी आमच्या वानराचा भाऊबंद निघाला. १८३९ मध्ये ग्रीसमधल्या पिकेर्मीच्या जीवाश्मावरून वर्णन झालेले ‘मेसोपिथेकस’ही याच कुळातले ठरले.

कुळाची खूण पोटात आहे. दोघांचेही जठर कप्प्याकप्प्यांचे. त्यातले सूक्ष्मजीव पाला आंबवतात, म्हणून चरबट पानांवरही त्यांचे भागते. गालात पिशव्या नाहीत. पिल्लांचा रंग मोठ्यांहून वेगळा: वानराचे पिल्लू काळपट, तर काळ्या-पांढऱ्या ग्वेरेझा कोलोबसचे पांढरे. कळपातल्या इतर माद्याही ते उचलून फिरवतात. लालतोंड्या माकडाचे आफ्रिकी नातलग निराळे, ग्वेनॉन वगैरे. त्यांच्या गालात पिशव्या. दिसेल ते कोंबायचे आणि सावकाश खायचे.

माणसाने मात्र दोन्ही कुळांचा वापर आपापल्या सोयीने केला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या फॅशनसाठी ग्वेरेझाची कातडी विकली गेली. आपली लालतोंडी माकडे परदेशी प्रयोगशाळांत जात राहिली. १९७८ मध्ये भारताने ती निर्यात थांबवली. वानराला मारुतीच्या नावाने अभय मिळाले, पण त्याच भक्तीने आता त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. पाल्यासाठी घडलेल्या पोटात गोड, पिठूळ खाणे झपाट्याने आंबते आणि आम्लता वाढू शकते. शिवाय रस्त्यावर बसायची सवय लागली की गाडीखाली येण्याचा धोका वेगळाच.

ताडोब्यात वानर झाडावरून पाने-फळे खाली टाकतो आणि चितळ ती खातात. वाघ दिसताच तो खाकरून साऱ्यांना सावध करतो. हे काम त्याला झाडावर बसूनच करता येते. मूलच्या रस्त्यावर आता मी खिडकीची काच वर करतो. मारुतीला नमस्कार काचेआडूनही पोचतो.