पडीक खारजमिनी : हवाई दृश्य

भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या, पण पुढे लागवडीबाहेर गेलेल्या किनारी भातशेतीचे आकाशातून दिसणारे रूप. सिंधुदुर्गाच्या खाड्यांपासून रायगडच्या अलिबाग–पेण खारेपाटापर्यंत अशा जमिनी आढळतात. बांध घालून राखलेल्या अशा शेतजमिनींना गोव्यात ‘खाजण’ म्हणतात.

बांध फुटून खांड पडली, की भरतीचे खारे पाणी शेतात शिरते. पावसाने मीठ धुऊन गेल्याशिवाय तेथे भात येत नाही. दुरुस्ती वर्षानुवर्षे रखडली, की शेतकरी जमीन सोडतो.

उपग्रहचित्रात किंवा ड्रोनच्या छायाचित्रात खांड पटकन ओळखू येते. तिच्यापासून पाण्याचे फाटे झाडाच्या फांद्यांसारखे आत पसरतात, उंचवट्यांवर उन्हाळ्यात मिठाचे पांढुरके डाग दिसतात आणि ओहळांच्या कडेने तिवरांची गर्द हिरवी रांग उभी राहते. त्या रांगेमधूनही जुन्या बांधांच्या रेषा पुष्कळदा स्पष्ट दिसतात. हे हिरवेपण निसर्गाने परत मिळवलेले रान म्हणून कौतुकाने पाहिले जाते. ते कोणाचे तरी बुडालेले शेत आहे, हे विसरणे अन्यायाचे आहे. मात्र नुसत्या चित्रावरून जमीन कायमची पडीक ठरवू नये: खाजणांत भात काढल्यावर मुद्दाम पाणी घेऊन मासळी धरतात. त्यामुळे पावसाळ्यातील व उन्हाळ्यातील चित्रे ताडून पाहावी लागतात.

बांधांच्या देखभालीसाठी महाराष्ट्रात 1979 चा खारजमीन विकास अधिनियम आहे. खाऱ्या जमिनीतील भातवाणांवर पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रात काम चालते.