केसी जोन्स : कार्टूनमधून गळालेला साक्षीदार

१९५० साली वॉल्ट डिस्नीच्या स्टुडिओने ‘द ब्रेव्ह इंजिनीअर’ हा आठेक मिनिटांचा कार्टूनपट काढला. दिग्दर्शक जॅक किनी. (अमेरिकेत रेल्वेचा ‘इंजिनीअर’ म्हणजे आपला ड्रायव्हर, अभियंता नव्हे.) टपाल वेळेवर पोहोचवण्याच्या हट्टाला पेटलेला केसी जोन्स पूर, दरोडेखोर असे सारे अडथळे पार करतो, शेवटी समोरच्या गाडीवर आदळतो आणि तरीही इंजिनाच्या उरल्यासुरल्या सांगाड्यासह हसतमुखाने स्थानक गाठतो.

खरा केसी मात्र स्थानकात पोहोचला नव्हता.

त्याचे नाव जॉन लूथर जोन्स. केंटकीतील ‘केसी’ गावात वाढला, म्हणून हे टोपणनाव. तो इलिनॉय सेंट्रल रेल्वेत ड्रायव्हर होता. ३० एप्रिल १९०० च्या मध्यरात्रीनंतर, आजारी सहकाऱ्याच्या जागी त्याने मेम्फिसहून कँटनकडे जाणारी प्रवासी गाडी घेतली. गाडी आधीच ९५ मिनिटे उशिरा होती आणि अंतर होते १८८ मैल. केसीने वेग इतका वाढवला की मिसिसिपीतील व्हॉन स्थानक जवळ येईपर्यंत जवळजवळ सगळा उशीर भरून निघाला होता.

व्हॉनला दोन मालगाड्या सायडिंगला घेतल्या होत्या. दोन्ही मिळून सायडिंगपेक्षा लांब! एकीचे डबे पुढे, दुसरीचे मागे असे सरकवत मुख्य मार्ग मोकळा करायचा बेत होता. ऐन वेळी एका गाडीच्या ब्रेकचा हवेचा पाइप फुटला, ती जागीच अडकली आणि चार डबे मुख्य मार्गावर राहिले. पहाटे ३ वाजून ५२ मिनिटांनी केसीचे ३८२ क्रमांकाचे इंजिन त्यांवर धडकले. केसीने अखेरपर्यंत ब्रेक सोडला नाही. त्या अपघातात मृत्यू झाला तो एकट्या त्याचाच.

इंजिनात आणखी एक माणूस होता : कृष्णवर्णीय फायरमन सिम वेब. केसीने सांगितल्यावरून त्याने उडी मारली व तो वाचला. दक्षिणेतील रेल्वेत त्या काळी कृष्णवर्णीयाला भट्टीत कोळसा टाकण्याचे काम मिळे, ड्रायव्हरची जागा मात्र मिळत नसे.

जुलै १९०० मधील कंपनीच्या अहवालाने अपघाताचा सारा दोष केसीवर टाकला : धोक्याच्या इशाऱ्यांकडे त्याने लक्ष दिले नाही. रुळावर इशाऱ्यासाठी ठेवलेला फटाका आपण ऐकला, असे वेबने सांगितल्याचेही त्यात नमूद आहे. पुढे वेब मात्र आयुष्यभर नेमके उलटे सांगत राहिला : ना फटाका ऐकला, ना इशारा देणारा माणूस दिसला.

साक्षीदार एकच, साक्षी दोन. पहिली साक्ष ताजी, म्हणून अधिक विश्वासार्ह, असा सर्वसाधारण नियम. पण ती नोंदवून घेणारी कंपनी होती. दोष मृत ड्रायव्हरवर गेला, तर सायडिंगमधील गोंधळाबद्दल कोणी विचारणार नव्हते. आणि साक्ष देणारा त्याच कंपनीचा, मिसिसिपीतला एक कृष्णवर्णीय नोकर होता. यावरून वेबची नंतरची साक्ष खरी ठरत नाही. अहवालही डोळे मिटून स्वीकारता येत नाही, एवढे मात्र नक्की.

मग केसी जगभर प्रसिद्ध कसा झाला? कँटनच्या शेडमध्ये इंजिने पुसणाऱ्या वॉलेस सॉन्डर्स या कृष्णवर्णीय कामगाराने त्याच्यावर गाणे रचले, म्हणून. सॉन्डर्सने हक्क नोंदवले नव्हते. १९०९ मध्ये रंगमंचावरील कलावंत सीबर्ट आणि न्यूटन यांच्या नावाने ते छापून आले आणि अमेरिकाभर गाजले. त्या आवृत्तीत केसीची पत्नी मुलांना दुसरा बाप असल्याचे सांगते, असा विनोदही घुसला होता. जेनी जोन्स तो कलंक पुसण्यासाठी जन्मभर झगडली. १९११ मध्ये कामगार चळवळीतील जो हिलने त्याच चालीवर केसीला संप फोडणारा ठरवले. एका मृत माणसाला ज्याने त्याने आपापल्या कामाला जुंपले, ते असे.

१९५० चे कार्टून याच परंपरेतले. त्याने केसीला जिवंत ठेवले, म्हणून अपघाताचे कारण आणि दोष हे प्रश्नच उरले नाहीत. त्यात सिम वेबचे नावही नाही.

ते प्रदर्शित झाले तेव्हा सिम वेब हयात होता आणि जेनी जोन्सही. वेब १९५७ मध्ये वारला, जेनी १९५८ मध्ये.