बॉम्बे स्ट्रीटची पोरं

मागच्या वेळी आपण शेळीच्या लसीकरणाबद्दल बोललो होतो. आज जरा लांब जायचं आहे, पार आयर्लंडला. पण तिथं पोचल्यावर पहिली गल्ली भेटेल ती ओळखीच्या नावाची. बेलफास्ट शहरात बॉम्बे स्ट्रीट म्हणून एक गल्ली आहे. तिच्या जवळपास काश्मीर रोड आहे, कानपूर आणि लखनौच्या नावाच्याही गल्ल्या आहेत. इंग्रजांचं राज्य जोरात असताना ही नावं पडली. बॉम्बे स्ट्रीटवर राहायचे गिरणीत आणि गोदीत राबणारे कॅथलिक लोक, आणि दोन गल्ल्या पलीकडे तसेच राबणारे प्रोटेस्टंट. दोघंही ख्रिस्ती, भाषा एक, खाणं एक, घरंसुद्धा एकाच नमुन्याची, लाल विटांची, भिंतीला भिंत लागून.

१५ ऑगस्ट १९६९ ला, म्हणजे आपण इकडं झेंडावंदन करत होतो त्या दिवशी, ही बॉम्बे स्ट्रीट पेटवली गेली. बहुतेक घरं जळाली. एक १५ वर्षांचा मुलगा गोळी लागून गेला. बायका गादी, घड्याळ, देवाची तसबीर, हाताला लागेल ते घेऊन पोरांसह बाहेर पडल्या. त्यानंतर दोन वस्त्यांच्या मध्ये भिंत उभी राहिली. आधी काटेरी तारा, मग पत्रे, मग पक्की भिंत. तिला तिथं ‘शांततेची भिंत’ म्हणतात. गल्ली पुन्हा बांधली, पण भिंत आजही आहे, आणि भिंतीलगतच्या घरांच्या मागच्या अंगणावर जाळी लावलेली आहे. पलीकडून दगड येऊ नये म्हणून.

हे सगळं आम्हाला कुठून कळलं? आमच्या गटातल्या एका ताईची लेक इंग्रजी घेऊन बीए करते. तिनं कॉलेजच्या ग्रंथालयातून मुलांच्या कादंबऱ्या आणल्या आणि बैठकीनंतर आम्हाला मराठीत सांगू लागली. तेव्हा आमच्या दोन वस्त्यांमध्ये बोलणं बंद होतं. मिरवणुकीच्या रस्त्यावरून भांडण झालं होतं, दगड पडले होते. तीन महिने गटाची बैठक झाली नाही आणि बँकेचा हप्ता चुकला. पुन्हा बसलो तेव्हा या वस्तीच्या बाया एका बाजूला, त्या वस्तीच्या दुसऱ्या बाजूला. चहा दोन किटल्यांमध्ये. अशात गोष्ट ऐकायला तेवढं कुणाची हरकत नव्हती, कारण गोष्ट परक्या मुलखाची.

पहिल्या पुस्तकाचं नाव ‘द ट्वेल्फ्थ डे ऑफ जुलै’, म्हणजे बारा जुलै. लिहिणारी जोन लिंगार्ड. ती जन्मली एडिंबरोला, १९३२ मध्ये, पण दोन वर्षांची असताना बेलफास्टला आली आणि अठरा वर्षांची होईपर्यंत तिथंच वाढली. अकराव्या वर्षी वाचायला पुस्तकं उरली नाहीत म्हणून ती आईकडं कुरकुरली, तेव्हा आईनं तिला सुचवलं की मग तूच एक लिही. सोळाव्या वर्षी ती आई वारली. तिच्या घरचा पंथ या दोन्ही मोठ्या गटांत न बसणारा होता, म्हणून की काय, तिला दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत सारख्याच नजरेनं बघता आलं, असं आम्हाला वाटतं.

बारा जुलैचं प्रकरण समजून घ्यावं लागतं. १६९० मध्ये, शिवाजी महाराजांना जाऊन दहा वर्षं झाली होती तेव्हा, आयर्लंडात बॉइन नदीकाठी लढाई झाली. प्रोटेस्टंट राजा विल्यमनं कॅथलिक राजा जेम्सला हरवलं. त्याची आठवण म्हणून दरवर्षी १२ जुलैला प्रोटेस्टंट लोक नारिंगी पट्टे घालून, मोठाले ढोल बडवत मिरवणूक काढतात. आदल्या रात्री होळ्या पेटतात. लढाई तीनशे वर्षांमागची, पण मिरवणूक कुठल्या रस्त्यानं जाणार यावर दर उन्हाळ्यात भांडण. इथं आमच्या दोन्ही बाजूंच्या बाया एकदम हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

आणखी एक गाठ १९२१ ची. इंग्रजांनी आयर्लंडची फाळणी केली. ३२ परगण्यांतले ६ आपल्याकडं ठेवले, तेच उत्तर आयर्लंड. तिथं प्रोटेस्टंट जास्त, कॅथलिक कमी. घर, नोकरी, मतदान यांत आपल्याला डावललं जातं ही कॅथलिकांची तक्रार खरी होती. साठच्या दशकात त्यांनी हक्कांसाठी मोर्चे काढले, आणि १९६९ पर्यंत सगळं हातघाईवर आलं. पुढची तीस वर्षं बंदूक आणि बाँब. साडेतीन हजारांच्या वर माणसं मेली.

लिंगार्डबाईंचं पुस्तक आलं १९७० मध्ये. म्हणजे आग ताजी असताना. कॅथलिक मुलगा केव्हिन आणि त्याची बहीण ब्रीड. प्रोटेस्टंट मुलगी सेडी आणि तिचा भाऊ टॉमी. सगळी शाळकरी वयाची. केव्हिन रात्री पलीकडच्या गल्लीत शिरून भिंतीवर रंगवलेल्या राजा विल्यमच्या चित्रावर खरडून येतो. पोरखेळच. मग सेडी आणि टॉमी बदला घेणार, मग पुन्हा हे. प्रत्येक वेळी खोडी जरा मोठी होते. शेवटी गल्लीच्या तोंडाशी पोरांची समोरासमोर विटांची फेकाफेक होते आणि एक वीट लागते ब्रीडला, जी बिचारी पहिल्यापासून सगळ्यांना आवरत होती. ती दवाखान्यात मरणाच्या दारात. बारा जुलै उजाडतो, सेडी ज्या मिरवणुकीची वर्षभर वाट बघत होती ती निघते, आणि सेडी, टॉमी आणि केव्हिन त्या दिवशी समुद्रकाठच्या बँगरला जातात.

ब्रीडला वीट लागली तिथं आमच्याकडची एक वहिनी उठून बाहेर गेली. तिच्या पोराच्या कपाळावर सात टाके आहेत. कुणी काही बोललं नाही.

दुसरं पुस्तक १९७२ चं, ‘अक्रॉस द बॅरिकेड्स’. आता तीन वर्षं उलटलीत, केव्हिन आणि सेडी तरुण आहेत आणि एकमेकांवर जीव जडलाय. रस्त्यात सैनिक, लाकडं-तारांचे अडसर. सेडीचे जुने मास्तर मिस्टर ब्लेक त्यांना आपल्या घरात भेटू देतात. त्या घरावर पेट्रोलबाँब पडतो आणि मास्तर जातात. मग ही दोघं बोटीनं इंग्लंडला निघतात. पुढची तीन पुस्तकं त्यांच्या संसाराची आहेत. आम्हाला सगळ्यात खरं वाटलं ते तिसरं. लंडनला एका खोलीत राहतात, पैशाची ओढाताण, आणि तिकडं स्फोटात केव्हिनचा बाप मरतो. केव्हिन थोरला, मागं भावंडांची रांग. तो आईकडं परत जातो आणि सेडी एकटी. दोष कुणाला द्यायचा? आमच्या बैठकीत यावर तासभर वाद झाला, आणि गंमत म्हणजे वाद वस्तीप्रमाणे पडला नाही. सासवा एकीकडं, सुना दुसरीकडं.

लिंगार्डबाईंबद्दल आमची एक तक्रार आहे. त्यांच्या पुस्तकात सुटका म्हणजे गाव सोडणं. तरुण जोडपं बोटीत बसेल, पण ज्यांना तिथंच राहायचं आहे त्यांचं काय? बेलफास्टच्या बायकांनी ते करून दाखवलं होतं, ते पुस्तकात आलं असतं तर बरं झालं असतं. ३ जुलै १९७० ला सैन्यानं फॉल्स रोडच्या खालच्या भागाला वेढा घातला. सुमारे ३,००० घरांवर संचारबंदी, घराघरांत झडती, दूध नाही, पाव नाही. ५ जुलैला, रविवारी, बाजूच्या वस्त्यांतल्या शेकडो बायका बाळांच्या गाड्यांत पाव आणि दूध भरून चालत आल्या आणि सैनिकांच्या रांगेतून सरळ आत शिरल्या. संचारबंदी तिथंच मोडली. पुढं १९९६ मध्ये दोन्ही समाजांच्या बायकांनी मिळून एक पक्ष काढला, निवडणूक लढवली आणि वाटाघाटीत दोन जागा मिळवल्या. १० एप्रिल १९९८ चा शांतता करार झाला त्यात त्या होत्या.

शेवटचं पुस्तक वेगळ्या बाईचं. शिव्हॉन डाउड, आईवडील आयरिश, जन्म लंडनचा. ‘बॉग चाइल्ड’ ही तिची कादंबरी २००८ मध्ये आली, पण तिनं ती छापलेली पाहिली नाही. २००७ मध्ये स्तनाच्या कर्करोगानं ती गेली, अवघी ४७ वर्षांची. (बायांनो, गाठ लागली तर लाजू नका, आशाताईला सांगा.) जाण्याआधी तिनं आपल्या पुस्तकांचं उत्पन्न ज्या मुलांच्या हाती पुस्तकं पोचत नाहीत त्यांच्यासाठी एक न्यास करून ठेवलं. या पुस्तकाला २००९ चं कार्नेगी पदक मिळालं. ते एखाद्या लेखकाला मरणोत्तर मिळण्याची ती पहिलीच वेळ.

गोष्ट १९८१ ची. फर्गस हा १८ वर्षांचा मुलगा काकाबरोबर सीमेलगतच्या दलदलीत माती खणायला जातो. ती काळी माती वाळवून चुलीत घालतात, आपल्या गोवऱ्यांसारखी. तिथं त्याला एका लहानशा मुलीचं प्रेत सापडतं, गळ्यात फास. आधी वाटतं आताचाच खून. मग कळतं की दलदलीनं तिला जवळजवळ दोन हजार वर्षं जपून ठेवलंय. कोण होती, का मारली, हे कोडं उलगडत जातं. आणि घरात दुसरं मरण वाट बघतंय. थोरला भाऊ तुरुंगात उपोषणाला बसलाय. हे उपोषण खरं घडलेलं. १९८१ मध्ये दहा तरुण एकामागून एक मेले. पोरं बेशुद्ध पडल्यावर उपचाराची सही कुणी करायची? आयांनी. सही केली तर पोराचा शब्द मोडतो, नाही केली तर पोर जातं. शेवटी काही घरांनी सह्या केल्या आणि ऑक्टोबरमध्ये उपोषण संपलं. कादंबरीतली आई काय करते ते सांगत नाही, वाचा.

एक गंमत मात्र सांगतोच. फर्गसला दमदाटी करून सीमेपलीकडं पुडकी न्यायला लावतात. त्याला वाटतं बाँबचा मसाला. पुडकी फोडली तर आत निरोध आणि गोळ्या! सीमेच्या दक्षिणेला तेव्हा त्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नसत. आमच्याकडं हे ऐकून इतका हशा झाला की शेजारच्या अंगणवाडीतल्या मदतनीस धावत आल्या.

त्याच १९८१ मध्ये बेलफास्टला आईबापांनी मिळून दोन्ही समाजांच्या मुलांसाठी एक शाळा काढली, लेगन कॉलेज. पहिल्या दिवशी मुलं २८. आज अशा शाळा पुष्कळ आहेत, तरी बहुसंख्य मुलं अजून वेगवेगळ्याच शाळांत जातात.

पाचही पुस्तकांची गोष्ट संपली त्या संध्याकाळी पलीकडच्या वस्तीतल्या आजींनी विचारलं, “ती सेडी पळून गेली, मग तिची आई तिला परत कधी भेटली का नाही?” पोरीनं सांगितलं, भेटली. चौथ्या पुस्तकात आई समुद्र ओलांडून लिव्हरपूलला येते, लेकीला बाळ झाल्यावर. आजी म्हणाल्या, “रिकाम्या हातानं नसेल आली,” आणि अलीकडच्या बाजूच्या किटलीतला चहा स्वतःच्या कपात ओतून घेतला.