तिसऱ्या रकान्यातील दोन रूपे

इंग्रजी शिकताना क्रियापदांची तीन रूपे पाठ करण्याचा प्रघात आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला. त्या कोष्टकाच्या तिसऱ्या रकान्यात काही क्रियापदांपुढे दोन रूपे दिलेली असतात. त्यांपैकी कोणते कोठे योजावे, हे मात्र बहुधा सांगितले जात नाही. ही द्विरूपता लहरीतून आलेली नसून तिच्यामागे इतिहास आहे.

‘हँग’ हे क्रियापद पाहा. तसबीर टांगली तर ‘हंग’, मनुष्यास फाशी दिली तर ‘हँग्ड’. प्राचीन इंग्रजीत टांगणे आणि लोंबणे यांसाठी दोन निराळी क्रियापदे होती. तिसरे स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून आले. पुढे तिन्ही एकमेकांत मिसळली. सोळाव्या शतकात उत्तरेकडील बोलींतले ‘हंग’ सर्वत्र पसरले; न्यायाधीशांच्या तोंडी मात्र जुनेच रूप राहिले. कारण मृत्युदंडाची भाषा ठरलेली असते आणि तीत कोणी सहसा फेरफार करीत नाही. भारताच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही ‘हँग्ड’ हाच शब्द होता.

‘प्रूव्हन’ची कथा अशीच. इंग्लंडमध्ये ‘प्रूव्हड’ रुळले. स्कॉटलंडच्या न्यायालयांनी ‘प्रूव्हन’ जपले. दोषी आणि निर्दोष यांखेरीज ‘नॉट प्रूव्हन’ म्हणजे ‘शाबीत नाही’ असा तिसरा निकाल तेथे शतकानुशतके दिला जाई. तो रद्द करणारा कायदा स्कॉटलंडच्या संसदेने २०२५ साली संमत केला. निकाल गेला, तरी शब्द आता इंग्रजीभर पसरला आहे.

काही जुनी रूपे केवळ विशेषणे म्हणून उरली. वितळलेले लोणी ‘मेल्टेड’, पण वितळलेला लोहरस ‘मोल्टन’. ‘बॉर्न’चा उच्चार एकच, जन्मलेल्याचे लेखन निराळे, आणि भार वाहिलेल्याच्या शेवटी ‘ई’ हे जादा अक्षर. हा भेद अठराव्या शतकाच्या अखेरीनंतर स्थिरावला.

मराठीस हा प्रकार परका नाही. संस्कृतातील ‘दत्त’ म्हणजे ‘दिलेला’च, तरी आपण पुस्तक ‘दिलेले’ म्हणतो आणि मूल ‘दत्तक’. १८७५ साली बडोद्याच्या गादीवर आलेल्या सयाजीरावांना कोणी ‘दिलेला मुलगा’ म्हटले नाही. तेथे वारसा, धर्मशास्त्र आणि राज्याचा हक्क गुंतलेला होता. जेथे माणसाचा जीव, अब्रू वा कूळ पणाला लागते, तेथे भाषा रोजच्या रूपाहून निराळे रूप राखून ठेवते. कोष्टक पाठ करणाऱ्यास एवढे सांगितले, तरी निम्मा गोंधळ मिटेल.