वॉरंटी संपलेला पंप

आमच्या अंबाजोगाई तालुक्यात 'पंप' म्हटलं की डोळ्यांसमोर विहिरीवरची मोटर येते. तिची वॉरंटी कधी संपली हे कुणाला आठवत नसतं. मोटर जळली की वर काढायची, टेम्पोत टाकून रिवाइंडिंगवाल्याकडे न्यायची आणि दोन दिवसांनी परत पाण्यात सोडायची. आमची पाणबुडी मोटर तीनदा रिवाइंड झाली आहे. अजून चालते.

माझ्या कमरेला लावलेल्या पंपाची वॉरंटी मात्र मला तारखेसकट पाठ आहे. हा इन्सुलिन पंप मी २०२१च्या नोव्हेंबरमध्ये घेतला. वॉरंटी चार वर्षांची. ती संपायच्या दीड महिना आधीपासून फोन सुरू झाले, "मॅडम, नवीन मॉडेल आलंय, जुना देऊन घेऊन टाका." नव्या पंपाची किंमत ऐकली तेव्हा लक्षात आलं, की आप्पांनी नव्या बोअरसाठी आणि पाइपलाइनसाठी ठेवलेली एफडी जवळपास तेवढीच आहे. माझ्या मेडिक्लेममध्ये पंप बसत नाही. माझी स्वतःची बचत घराच्या हप्त्यांत गेलेली.

आप्पांनी सकाळी विचारलं, "चालू हाय ना? मग कशाला बदलायचा?" संध्याकाळी जेवताना तेच म्हणाले, "एफडी मोडू. तुझ्यापेक्षा बोअर मोठं हाय का?" या दोन वाक्यांच्या मध्ये मी दोन महिने अडकले होते. मग कामात कुठलीही जुनी सिस्टीम बदलायची वेळ आली की करते तेच केलं. ही गोष्ट मुळात अशी का बनली, ते वाचत बसले.

सुरुवात इन्सुलिनपासून करावी लागते. १९२२च्या आधी टाइप-१ डायबेटिस म्हणजे मृत्यूच. फ्रेडरिक अॅलनसारखे डॉक्टर रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवत, म्हणजे आयुष्य काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षं लांबायचं. १९२१मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून अर्क काढला, कॉलिपने तो शुद्ध केला आणि जानेवारी १९२२मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला तो टोचला गेला. पेटंट टोरांटो विद्यापीठाला दिलं गेलं ते प्रत्येकी एका डॉलरला. औषध सगळ्यांना मिळावं, ही त्यामागची इच्छा होती.

पण औषध मिळालं म्हणजे स्वादुपिंड मिळालं असं नाही. निरोगी शरीर दिवसभर थोडं थोडं इन्सुलिन सोडतं आणि जेवलं की जास्त सोडतं. सुईने हे जमवणं अवघड. म्हणून यंत्राची कल्पना आली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या डॉ. अरनॉल्ड कॅडिश यांनी बनवलेलं यंत्र पाठीवरच्या मोठ्या पिशवीएवढं होतं. १९७०च्या दशकात डीन केमेन या तरुणाने अंगावर वागवता येईल असा पंप बनवला आणि ऑटोसिरिंज ही कंपनी काढली. त्याची इंजिनिअरिंगची डिग्री अर्धवट राहिली होती, हे वाचून मला बरं वाटलं. १९७८मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या जॉन पिकअप आणि हॅरी कीन यांच्या गटाने आणि पुढच्याच वर्षी येलमधल्या विल्यम टॅम्बर्लेन यांच्या गटाने दाखवून दिलं, की कातडीखाली सतत थेंब थेंब इन्सुलिन सोडलं तर साखर जवळपास नॉर्मल ठेवता येते. १९८३मध्ये अाल्फ्रेड मान यांच्या मिनीमेड कंपनीचा पहिला पंप आला.

यात एक मेख आहे आणि माझा सगळा प्रश्न तिच्यावरच उभा आहे. पंपात फक्त लवकर काम करणारं इन्सुलिन असतं. इंजेक्शनवाल्याच्या अंगात दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो, पंपवाल्याच्या अंगात तो नसतो. नळी वाकली, मोटर अडकली, बॅटरी गेली, तर काही तासांतच साखर चढते, रक्तात कीटोन वाढतात आणि माणूस दवाखान्यात पोचतो. विहिरीवरची मोटर बंद पडली तर पीक दोन दिवस थांबतं. मी थांबू शकत नाही.

मग पंप हवाच का? याचं उत्तर १९९३ साली मिळालं. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ रुग्णांवर दहा वर्षं चाललेल्या डीसीसीटी या अभ्यासात दिसलं, की साखर काटेकोर सांभाळली तर डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी, मूत्रपिंडाचा ५० टक्क्यांनी आणि नसांचा ६० टक्क्यांनी कमी होतो. पण काटेकोर गटातले सगळे पंपावर नव्हते. कुणी पंप वापरत होतं, कुणी रोज तीन किंवा जास्त इंजेक्शनं घेत होतं. म्हणजे जीव वाचवतं ते इन्सुलिन आणि सतत ठेवलेलं लक्ष. पंप हा त्याचा एक सोपा, महाग मार्ग.

हे मला घरातूनच कळायला हवं होतं. २००९मध्ये मी बारा वर्षांची असताना मला टाइप-१चं निदान झालं. तेव्हा गावात लोडशेडिंग इतकं होतं, की फ्रिज असून नसल्यासारखा. आईने इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माठात ठेवली आणि माठ ओल्या वाळूत. उन्हाळ्यात रोज दोनदा वाळू भिजवणं हे तिचं काम. पुढे २०२१मध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी तपासून सांगितलं, की २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन चांगलं राहतं. बीडचा मे महिना ३७ अंशांवर थांबत नाही, म्हणून माठ लागतोच. आई ते आधीच करत होती.

मराठवाड्याचा या गोष्टीत आणखीही एक धागा आहे. २००३मध्ये वोकहार्टने वोसुलिन हे भारतीय कंपनीने विकसित केलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. त्या कंपनीचे कारखाने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. त्याच शहरात डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था टाइप-१च्या मुलांसाठी काम करते. आमच्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. फडावरच्या कोपीत राहणाऱ्या मुलाला हा आजार असेल, तर त्याच्यापुढे मॉडेल कोणतं हा प्रश्न नसतो. पुढची बाटली आणि ती गार ठेवायची जागा, एवढाच असतो.

आता त्या चार वर्षांकडे येते. यंत्रं खराब होण्याचा एक आलेख आम्हाला कॉलेजात शिकवला होता. सुरुवातीला काही यंत्रं लवकर बिघडतात, मग बराच काळ क्वचित बिघडतात आणि शेवटी झिजून पुन्हा जास्त बिघडू लागतात. वॉरंटीची तारीख म्हणजे तो शेवटचा चढ नव्हे. कंपनीने फुकट बदलून द्यायची जबाबदारी कुठे थांबवली, एवढंच ती सांगते. अमेरिकेत या तारखेला वेगळा अर्थ आहे. तिथे अनेक खासगी विमे साधारण चार वर्षांनी नव्या पंपाचे पैसे देतात, सरकारी मेडिकेअर पाच वर्षांनी. तिथल्या माणसाने तारीख आली की पंप बदलणं शहाणपणाचंच. आमच्याकडे तारीख आली, विमा आला नाही.

उलट गोष्टही घडली आहे. २०११मध्ये जे रॅडक्लिफ या टाइप-१ असलेल्या सुरक्षा संशोधकाने स्वतःच्याच पंपाला दुरून हुकूम देता येतात हे लास वेगासच्या परिषदेत दाखवलं. अशाच एका त्रुटीचा फायदा घेऊन डॅना लुइस आणि स्कॉट लीब्रँड यांनी जुना पंप, सेन्सर आणि छोटा संगणक जोडून आपोआप डोस बदलणारी यंत्रणा उभी केली आणि २०१५मध्ये ओपनएपीएस या नावाने सगळ्यांसाठी खुली केली. त्यासाठी मेडट्रॉनिकचे वॉरंटी संपलेले जुने पंप लोक शोधत फिरू लागले, कारण नव्या मॉडेलांमध्ये ती फट बुजवलेली होती. मग जून २०१९मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याच जुन्या पंपांबद्दल इशारा दिला, की ही त्रुटी अपडेटने दुरुस्त होणार नाही, पंप बदला. एकाच पंपामुळे कुणाची रात्रीची झोप परत आली आणि तोच पंप कागदावर धोकादायक ठरला. दोन्ही खरं होतं.

हे सगळं वाचल्यावर माझा प्रश्न बदलला. पंप जुना झाला का, हे विचारण्याऐवजी मी विचारलं, आज रात्री दोन वाजता तो बंद पडला तर काय? आणि कळलं, की याचं उत्तर माझ्याकडे वॉरंटीत असतानाही नव्हतं. कंपनीने नवा पंप पाठवला असता तरी तो गावात पोचायला दिवस लागले असते. ते दिवस मला पेनवरच काढावे लागले असते.

म्हणून तारखेला पंप बदलला नाही. डॉक्टरांकडून दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचे डोस लिहून घेतले आणि तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवला. आईला तो वाचून दाखवला. पंपातल्या सगळ्या सेटिंग्जचे फोटो आप्पांच्या मोबाइलवर टाकले. डॉक्टरांशी बोलून दर तीन महिन्यांनी एक दिवस पंप काढून पेनवर राहायचं ठरवलं, ऑफिसात आम्ही बॅकअप तपासतो तसं. कारण नसताना अलार्म वाजू लागले, बॅटरीच्या झाकणापाशी तडा गेला किंवा या मॉडेलच्या नळ्या मिळेनाशा झाल्या, यातलं एक जरी झालं तरी त्याच आठवड्यात नवा घ्यायचा. त्यासाठी पोस्टात आरडी उघडली आहे.

आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आन् ह्याचं रिवाइंडिंग होत नाही?" मी नाही म्हटलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंग एफडी अर्धीच मोडू. छोटं बोअर घेऊ. बाकीची तुझ्या पंपासाठी राहू दे."

मी आधी नको म्हटलं. मग हो म्हटलं. पहिला पेनचा दिवस येत्या रविवारी आहे. आईने माठाखालची वाळू आत्ताच बदलली आहे.