पहिला कॅमेरा : फाळक्यांपासून यवतमाळपर्यंत

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या मराठी विभागात दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी अभ्यासक्रमाबाहेरचा एक प्रश्न घेऊन येतो. घरी पहिल्या वेचणीच्या कापसाचे पैसे आलेले असतात, थोडे त्याने स्वतः साठवलेले असतात, आणि मोबाइल बाजूला ठेवून पहिला खरा कॅमेरा घ्यायचा तर कोणता, हे त्याला विचारायचे असते. हातातल्या कागदावर मेगापिक्सेलचे आकडे असतात. लेन्सविषयी एक शब्द नसतो. ज्या घरात तीस-चाळीस हजार रुपये म्हणजे पुढच्या हंगामाचे बी-बियाणे आणि खत, तिथे ही निवड चुकणे परवडणारे नाही. म्हणून मी लगेच कोणत्याही कंपनीचे नाव सांगत नाही. आधी फाळक्यांची गोष्ट सांगतो.

दादासाहेब फाळके आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून शिकवतो. पण १९१२ साली लंडनला गेलेला हा गृहस्थ मुळात कॅमेरा निवडायला निघालेला एक छायाचित्रकार होता, इकडे आपले लक्ष जात नाही. बडोद्याच्या कलाभवनात तो छायाचित्रण शिकला होता, गोध्र्याला त्याने स्टुडिओ थाटला होता. १९११ साली मुंबईत त्याने पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र पाहिले आणि पुढचे सारे घडले. विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके बोटीत बसले. लंडनला पोचल्यावर त्यांनी गाठले ते 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे कार्यालय, ज्याचे ते मुंबईत नियमित वाचक होते. संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या नादापासून परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला. माणूस हटत नाही असे पाहिल्यावर त्यांनीच सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओची वाट त्यांना मोकळी करून दिली. तिथे काम कसे चालते ते पाहून फाळक्यांनी सुमारे पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला. हे जेम्स विल्यमसन स्वतः आधी चित्रपट काढत आणि मग यंत्रांकडे वळले होते. करणाऱ्याने केलेले यंत्र होते ते.

मला या खरेदीत कॅमेऱ्याहून अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी वस्तू. फाळक्यांनी कोडॅकची कोरी फिल्म मागवली आणि तिच्या कडांना छिद्रे पाडणारे यंत्रही घेतले. केवळ पेटीच्या किमतीइतके पैसे मोजून निघालेल्या माणसाला हे सुचले नसते. १ एप्रिलला ते परतले आणि त्यांनी पहिला प्रयोग केला तो कुंडीत पेरलेल्या वाटाण्यावर. रोज थोडे थोडे चित्रण करत महिनाभराची वाढ त्यांनी मिनिटभरात पडद्यावर आणली. 'अंकुराची वाढ' नावाच्या या लघुपटाने पैसे लावणाऱ्यांची खात्री पटली आणि 'राजा हरिश्चंद्र'चा मार्ग खुला झाला. नवा कॅमेरा हाती आल्यावर हा माणूस हिमालयात गेला नाही, तर दोन हातांवरच्या कुंडीसमोर बसला. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनी स्वतःच्या धडपडीविषयी लेख लिहिले आहेत. गद्याचा नमुना म्हणूनही एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावेत.

फाळक्यांना निवड करता आली. पुढच्या पिढ्यांतल्या हौशी मंडळींना ती फारशी नव्हतीच. १९९१ पूर्वी परदेशी कॅमेऱ्यांवर आयातीचे निर्बंध होते, जकातही भारी. त्यामुळे मध्यमवर्गीय घरातला पहिला कॅमेरा म्हणजे बहुधा आग्फा क्लिक थ्री, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला. १२० क्रमांकाचा रोल, बारा चौकोनी चित्रे, साधे न बदलणारे भिंग. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल त्यात चाले. बारा म्हणजे बाराच. तेरावा फोटो नसल्यामुळे घरातली माणसे रांगेत उभी राहत आणि श्वास रोखून धरत. आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या लग्नांच्या अल्बममधली चौकोनी चित्रे मात्र वेगळ्या यंत्राची असतात. ती स्टुडिओवाल्यांच्या याशिकासारख्या, दोन भिंगे एकावर एक असलेल्या कॅमेऱ्याची. तो पोटाशी धरून वरून काचेत पाहावे लागे. फोटो काढणारा आपोआप मान खाली घालून उभा राही, आणि समोरच्याला त्याच्या डोळ्यांऐवजी केसांचा भांगच दिसे. त्या चित्रांतली माणसे इतकी निवांत का दिसतात, याचे एक कारण मला यात सापडते.

लेन्स बदलता येणारा कॅमेरा म्हणजे ज्याला आज आपण 'गंभीर' कॅमेरा म्हणू. तो अनेकांच्या हाती आला सोव्हिएत झेनिटच्या रूपाने. त्यावर ५८ मिलिमीटरचे हेलिओस असे. नंतर पेंटॅक्स के १०००. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षे हा यांत्रिक कॅमेरा निघत राहिला आणि छायाचित्रण शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्याने घडवल्या. सेल संपला तरी त्याचा फक्त प्रकाशमापक बंद पडे, कॅमेरा नाही. यातली खरी ऐतिहासिक गोष्ट अशी की झेनिटच्या बॉड्या अडगळीत गेल्या, पण त्यांची हेलिओस भिंगे आज एक साधी कडी लावून आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर बसवली जातात. भिंग टिकते.

पण कंपन्यांनी हे टिकणे दर वेळी सोपे ठेवले असे नाही. २००६ साली आलेल्या निकॉन डी ४० मध्ये फोकस फिरवणारी मोटर बॉडीत नव्हती. ज्यांनी जुनी ५० मिलिमीटरची लेन्स जपून ठेवली होती, त्यांच्या हाती ती पुन्हा बोटांनी फिरवण्याची आली. आजच्या झेड मालिकेवर कडी लावून ती जुनी लेन्स बसवली तरी तेच होते. जुने सामान घेणाऱ्याने हा इतिहास माहीत करून घेतलेला बरा. छोट्या सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स ७५ सारखी वागते, हेही दुकानात सहसा कोणी सांगत नाही. घरात, ओसरीवर माणसे टिपायची तर अशा कॅमेऱ्यावर ३५ च बरी.

२००६ मध्येच आमचा जिल्हा देशभर छायाचित्रांतून पाहिला गेला. जुलै महिन्यात विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले. त्याच्या आगेमागे बाहेरचे छायाचित्रकार यवतमाळच्या गावांत येत राहिले. त्यांची एक चौकट ठरून गेली होती. दारात बसलेली विधवा आणि तिच्या हातात नवऱ्याची हार घातलेली तसबीर. त्यातली काही चित्रे आवश्यक होती, हे मी नाकारत नाही. पण त्या तसबिरीतला फोटो कोणी काढला, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो बहुधा तालुक्याच्या स्टुडिओत कर्जाच्या किंवा ओळखपत्राच्या कागदांसाठी काढलेला, मृत्यूनंतर मोठा करून घेतलेला असे. काही घरांत त्या माणसाचे दुसरे छायाचित्रच नव्हते.

म्हणून विद्यार्थी टिपेश्वरच्या वाघासाठी लांब पल्ल्याची लेन्स हवी म्हणतो तेव्हा मी अडखळतो. वाघासाठी ती लागतेच, सफारीत गाडीतून उतरता येत नाही. पण तशी चांगली लेन्स त्याच्या साऱ्या पैशांत येणार नाही, आणि आलीच तर वर्षातले साडेतीनशे दिवस कपाटात पडून राहील. आमच्या पावसाळ्यात कपाटातल्या भिंगावर बुरशीचे जाळे धरते. जुनी लेन्स घेताना तिच्यातून टॉर्च मारून पाहायची ती याचसाठी. माझे सांगणे एवढेच की बॉडी वापरलेली घे, ३५ ची लेन्स शक्य तर नवी घे, दोन सेल आणि सिलिका जेलची पुडी घे, आणि थोडे पैसे छपाईला ठेव.

गेल्या वर्षी ज्याने हे ऐकले, तो महिनाभराने प्रिंटांचे पाकीट घेऊन आला. पहिली चारपाच चित्रे आजीची, कापूस वेचतानाची, पाठीमागून काढलेली. शेवटच्या चित्रात ती अगदी समोर, ओटी कापसाने भरलेली, थोडी वैतागलेली. मधे काय झाले म्हणून विचारले तर म्हणाला, आजी ओरडली, "तिकून काहून काढतं? जवळ ये ना!"